विलंबित लाव

या, अलीकडे सरका जरा. तो पंखा खडखडतो आणि त्यात माझा आवाज बुडतो. बसलात? मग ऐका. देवाची कथा नेहमीचीच आहे, आज आधी एका मोटारसायकलची सांगतो. हसू नका. तिच्यात दोन भली माणसं आहेत, आणि एक चूक आहे. ती चूक माझीही आहे, म्हणून सांगतो.

मधुसूदनबुवा आमचे कीर्तनकार. दिवसभर कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी फेटा बांधून उभं राहायचं, अशी त्यांची रीत. मी त्यांच्या साथीला पेटीवर. बुवांकडे बीएसए होती, लढाईच्या काळातली, विलायतेत घडलेली. छावणीत लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ही फिरत फिरत बुवांकडे आली. टाकीचं झाकण उघडलं की कडेला अजून लष्करी हिरवा रंग दिसायचा.

तेव्हाच्या औरंगाबादेत या कुळीतल्या गाड्या रोजच्या वापरात होत्या. गुलमंडीवरच्या डॉक्टरांची मॅचलेस होती, रोशन गेटच्या खानसाहेबांची नॉर्टन होती, आणि शहागंजात एक ट्रायम्फ होती, जिचा मालक तिला चालवण्यापेक्षा धुवायचाच जास्त. आवाजावरून लोक माणूस ओळखायचे. बुवांच्या घरी तर गाडी सिटी चौकात वाजली की पोळी तव्यावर पडायची.

आणि या सगळ्या गाड्यांची नाडी एका माणसाच्या हातात होती. कडुबा. पैठण गेटजवळ पत्र्याचं शेड, आत अंधार, आणि बाहेर एक बाज. माणूस पंचविशीचा, पण इंजिनाला कान लावला की म्हाताऱ्या वैद्यासारखा गंभीर व्हायचा. बुवा आले की तो 'जय भीम' म्हणायचा, बुवा 'रामकृष्ण हरी' म्हणायचे, आणि दोघं लगेच कार्बोरेटरवर बोलायला लागायचे. लांबच्या कीर्तनाला बुवा त्याला बरोबर न्यायचे, कारण गाडी कुठं रुसेल याचा नेम नसे. पुढं कडुबा, मध्ये बुवा, मागं मी, आणि माझ्या पाठीला पेटी बांधलेली. कडुबा कीर्तनात येऊन बसत नसे. गाडीपाशी उभा राहून ऐकायचा. बुवांनी त्याला कधी आत ओढलं नाही, पण आवाज मात्र गाडीपर्यंत पोचेल असाच ठेवायचे.

बहात्तरचा दुष्काळ आला. पाचोडच्या रस्त्यावर खडी फोडायची कामं निघाली. बाया, माणसं, सगळं गाव उन्हात बसून दगड फोडायचं. बुवा म्हणाले, देवळात कोण येणार, आपण तिकडं जाऊ. म्हणून दर रविवारी आम्ही तिघं निघायचो. वाटेत जीपा, ट्रक तापून उभे असायचे आणि त्यांचे ड्रायव्हर पाणी मागत फिरायचे. आमच्या गाडीचं इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. बुवा सगळ्यांना सांगायचे, साऱ्या तालुक्यात पाणी न मागणारी एवढी एकच बाई आहे. दगड फोडणाऱ्या बायासुद्धा हसायच्या.

त्यातलाच एक रविवार. गाडी तापली होती, बंद केली तर परत सुरू व्हायची नाही, म्हणून कडुबानं ती चालूच ठेवली. या गाड्यांच्या हँडलला डाव्या बाजूला एक बारीक दांडी असते. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, ते तिच्यावर ठरतं. किक मारताना ती मागं घ्यावीच लागते, नाहीतर किक उलटून नडगी फोडते. कडुबा तिला नुसतं 'खिट्टी' म्हणायचा. त्या दिवशी आवाज कमी व्हावा म्हणून त्यानं खिट्टी हळूहळू मागं ओढली. इंजिन संथ झालं. एक ठोका, मग एवढी मोकळी जागा की आता बंद पडली असं वाटावं, आणि मग दुसरा ठोका.

बुवा चिपळ्या हातात घेऊन उभे होते. त्यांनी मान वळवली.

"कडुबा," ते म्हणाले, "अरे, ही विलंबित लय आहे."

"ते काय असतंय, बुवा?"

"घाई नसलेली. जिच्यात देवाला यायला जागा असते."

आणि त्यांनी त्या ठोक्यावर नमन धरलं. मी पेटी उघडायचीही विसरलो. एकेक करत हातोड्या थांबल्या. पोटात अन्न नसलेली दोनशे माणसं त्या मोटारसायकलीच्या तालावर डोलत होती, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

त्या दिवसापासून खिट्टीचं नाव पडलं विलंबित. कीर्तन सुरू करायच्या आधी बुवा म्हणायचे, "कडुबा, विलंबित लाव." कडुबा लावायचा. डॉक्टरांनासुद्धा तो बजावायचा, 'साहेब, किक मारायच्या आधी विलंबितला घ्या.' डॉक्टर बापडे मान हलवायचे.

मग पाऊस झाला, दुष्काळ गेला, आणि शहर वाढायला लागलं. वाळूजला कारखाने उभे राहिले. रस्त्यावर हलक्या, चटकन सुरू होणाऱ्या नव्या गाड्या आल्या, ज्यांना ना विलंबित लागायचं ना कडुबा. डॉक्टरांची मॅचलेस मुंबईला गेली. खानसाहेब वारले, त्यांची नॉर्टन भंगारात गेली. शहागंजातली ट्रायम्फ एके दिवशी दिसेनाशी झाली, धुणारा मात्र बरेच दिवस ओट्यावर बसलेला दिसायचा. कडुबाच्या मुलानं, आकाशनं, वाळूजला नोकरी लागल्यावर नवी गाडी घेतली. कडुबा हौसेनं चालवायला बसला. पण विलायती गाड्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आयुष्यभराची सवय. त्यानं गिअर टाकायला म्हणून उजवा पाय दाबला आणि नगर नाक्यावर भर रहदारीत ब्रेक लागून आडवा झाला. गुडघा कामातून गेला. लोक म्हणाले, याला गाडी चालवता येत नाही. ज्यानं अर्ध्या शहराच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याला.

पुढं रस्ता रुंद झाला, त्यात शेड गेलं, आणि कडुबा वाळूजजवळच्या रांजणगावला मुलाकडे राहायला गेला. बुवांची गाडीही त्याच वर्षी थांबली. बुवांचा मुलगा हिमांशू गारखेड्यात फ्लॅटमध्ये राहायला गेला, त्याच्या पार्किंगमध्ये ती ताडपत्रीखाली उभी राहिली.

आता माझी चूक ऐका.

बुवांना अर्धांगवायू झाला. जीभ जड झाली. जो माणूस तीन-तीन तास आख्यान लावायचा, त्याच्याकडे दोनच शब्द राहिले. सकाळ-संध्याकाळ म्हणायचे, "विलंबित लाव." नात सावनी, आजोबांचाच गळा घेऊन आलेली, तिनं मोबाईलवर गाणी लावली. मोठमोठ्या गवयांचे विलंबित ख्याल लावले. बुवा तोंड भिंतीकडे फिरवायचे आणि थोड्या वेळानं परत म्हणायचे, "विलंबित लाव." तिला वाटायचं, राग चुकला. ती दुसरा लावायची. शेवटी तिनं मला बोलावलं. मी पेटी काढली आणि जीव ओतून संथ वाजवलं. बुवांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. मला वाटलं, शाबासकी आहे.

बहात्तरच्या त्या रविवारी मी पाचोडच्या रस्त्यावर होतो. आणि मला कळलं नाही. पेटीवाला मी, विलंबित म्हटलं की मला गाणंच आठवणार. असे चार महिने गेले आणि बुवा गेले.

दीड वर्षानं पुन्हा दुष्काळ. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, टँकर बोलवावे लागायचे. हिमांशूच्या इमारतीत ठरलं की पार्किंगमध्ये जादा टाकी बसवायची, आणि जागा एकच होती, बुवांची गाडी उभी होती ती. बहात्तरला पाणी न मागितलेल्या गाडीला पाण्यासाठीच उठावं लागलं. हिमांशूचा नाइलाज होता. पुण्याचा अमेय नावाचा एक जण अशा गाड्या जमवतो, तो रविवारी टेम्पो घेऊन येणार ठरलं. तो तिला चकचकीत करून दिवाणखान्यात ठेवणार होता. रस्त्यावर ती पुन्हा येणार नव्हती.

सावनीचा एकच हट्ट. जायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकायचा. लहानपणी ऐकला असेल, पण आठवत नव्हता. एक मेकॅनिक आणला. त्याला डावी दांडी फालतू वाटली, त्यानं ती चिकटपट्टीनं बांधून टाकली आणि जोरात किक मारली. गाडीनं अशी लाथ परत दिली की तो पायरीवर जाऊन बसला.

मी म्हणालो, हिला कडुबाच पाहिजे.

शनिवारी सकाळी सावनी मला स्कूटीवर बसवून रांजणगावला घेऊन गेली. कडुबा घराबाहेर खुर्चीवर बसला होता, पाय लांब करून. मला बघून उठला, जय भीम म्हणाला, आणि पहिला प्रश्न विचारला की बुवा कसे आहेत.

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हिमांशूनं पेपरात दिलं होतं, पण पेपर कडुबाच्या घरी कुठं येतो? मी तेराव्याला पोटभर जेवलो होतो, पण वाळूजची बस धरली नव्हती. सावनीनंच सांगितलं. कडुबा परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मला काहून नाय कळवलं, पेटीवाले?" आणि तो सावनीकडे वळला. शेवटच्या दिवसांत बुवा काही बोलत होते का, एवढंच त्यानं तिला विचारलं.

"दोनच शब्द," सावनी म्हणाली. "विलंबित लाव म्हणायचे. मी रोज गाणी लावायची. एकही आवडलं नाही त्यांना."

कडुबानं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, फार वेळ.

"माय," तो सावनीला म्हणाला, "ते गानं नव्हतं. ते मला हाक मारीत होते."

त्यानं डावा हात हवेत धरला आणि अंगठ्यानं, नसलेली खिट्टी मागं ओढली. मला पाचोडचा रस्ता दिसला, हातोड्या थांबलेल्या दिसल्या, आणि माझ्या हातावरचा बुवांचा हात आठवला. ती शाबासकी नव्हती. राहू दे, तुला नाही जमणार, असं ते सांगत होते. सावनी तिथंच उंबऱ्यावर बसली. तिनं एवढंच विचारलं, "उद्या याल?"

रविवारी सकाळी आठलाच तो आकाशबरोबर आला. अमेयचा टेम्पो फाटकात उभा होता, त्याला ऊन चढायच्या आत निघायचं होतं. कडुबानं चिकटपट्टी सोडवली आणि दांडी फडक्यानं पुसली. प्लग काढून घासला. टाकीत पेट्रोल भरायला हिमांशू निघाला तर त्याला थांबवलं. टाकी गंजलीय, म्हणाला, वाटीभर पेट्रोल वरूनच देतो, तेवढंच चालंल. म्हणजे जे काही ऐकायचं, ते एवढ्या वाटीभरात.

गुडघ्यामुळं त्याला किक मारता येईना. सावनीनं ओढणी कमरेला बांधली.

"मारा बाई. पन गुडघा ताठ धरू नका. तिला मान देऊन मारा."

पहिल्या दोन किक वाया गेल्या. तिसरीला गाडी खोकली, काळा धूर आला, आणि आवाज सुरू झाला. खिडक्या उघडल्या. सावनी मागं सरकली, डोळे मोठे करून. कडुबाचा अंगठा खिट्टीवर होता, पण ओढत नव्हता.

"सांगा," तो म्हणाला.

"लावा ना, काका. विलंबित लावा."

"तसं नाय. बुवा म्हनायचे तसं."

सावनीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग आजोबांच्याच ठेक्यात म्हणाली, "कडुबा, विलंबित लाव."

त्यानं खिट्टी मागं घेतली.

एक ठोका. मोकळी जागा. दुसरा ठोका. अमेयनं आपल्या टेम्पोवाल्याला हात करून टेम्पो बंद करायला लावला. सावनीनं डोळे मिटून नमन धरलं, अगदी हळू, आणि एकाही ठोक्याला ती चुकली नाही. मी पेटी आणली नव्हती. बरंच झालं. कडुबा मान खाली घालून उभा होता, पाचोडला उभा राहायचा तसा, गाडीपाशी. पण या वेळी कीर्तनच त्याच्यापाशी आलं होतं.

नमनाचं दुसरं चरण पुरं व्हायच्या आत पेट्रोल संपलं. एक जागा मोकळी राहिली, आणि पुढचा ठोका आला नाही. सावनीनं तेवढं चरण एकटीनं पुरं केलं.

टेम्पोत चढवताना अमेय प्रत्येक भागाला चिठ्ठ्या बांधत होता, नंतर खोलून जोडायला सोपं जावं म्हणून. डाव्या दांडीपाशी थांबून त्यानं कडुबाला विचारलं, याला काय म्हणतात. कडुबानं सांगितलं. अमेयनं काही न विचारता लिहून घेतलं. 'विलंबीत' असं लिहिलं, दुसरी वेलांटी दीर्घ काढून. मी चूक सुधारणार होतो, पण राहू दिलं. त्या शब्दाला तेवढा लांबलेला असण्याचा हक्क होता.

टेम्पो गेला. दुपारी तिथं काळी टाकी बसली. कडुबा चहा घेऊन रांजणगावला परत गेला. आता मी दर महिन्याला बस धरून त्याच्याकडे जातो. त्याचे कान आता मंद झालेत. जास्त बोलत नाही. मी गेलो की खुर्ची सरकवून देतो, एवढंच.

झालं. आता देवाच्या कथेकडे वळू. पण त्याआधी एक मागणं आहे. आत्ता मी नमन धरीन, आणि ते संथ असेल, दोन ठोक्यांमध्ये जागा राहील. ती जागा रिकामी आहे असं समजू नका. तिथं पैठण गेटच्या कडुबाला आठवा. बुवांनी त्याला चार महिने हाक मारली आणि आम्ही ती त्याच्यापर्यंत पोचू दिली नाही. तुम्ही तरी पोचवा.