पोहता न येणारी

विनीला पाहायला आलेल्या प्रत्येकाने तिला काय काय येतं तेच विचारलं होतं. स्वयंपाक, इंग्रजी, स्कूटर. विरारचा एक जण तर शेअर बाजारापर्यंत जाऊन आला. छत्तिशीची विनी स्वतः शाळेत शिकवत असल्यामुळे तिला तोंडी परीक्षेचं काही वाटत नसे. फेबियनने मात्र चहाचा कप हातात घेत एकच विचारलं, "पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"अजिबात?"

"आमच्या घरात कुणालाच नाही येत. ही एलिसा तर समुद्राला पायसुद्धा लावत नाही," विनी चहा घेऊन आलेल्या चुलत बहिणीकडे बघत म्हणाली.

फेबियन हसला. आपल्याला काही येत नाही म्हणून कुणी इतकं मनापासून खूश झालेलं विनी पहिल्यांदाच बघत होती. ती तिथेच विरघळली.

फेबियनची पहिली बायको, सुझान, त्याच्या वाडीतल्या बावखलात बुडाली होती. तळं तसं लहानच, पण खोल. विषय निघाला की गाव आधी "बिचारा फेबियन" म्हणायचं आणि लगेच केळीच्या भावावर यायचं. बिचारी सुझान असं कुणी म्हणत नाही, हे विनीच्या लक्षात आलं नव्हतं. प्रेमात पडल्यावर ऐकू जरा कमीच येतं.

लग्न ठरलं. तीन रविवार मिस्सेच्या प्रार्थनेत दोघांची नावं वाचायची आणि कुणाची हरकत असल्यास कळवा म्हणायचं, ही चर्चची रीत. हरकत सगळ्यांनाच असते. ती लोक घरी जेवताना एकमेकांना कळवतात.

दुसऱ्या रविवारी मिस्सा सुटल्यावर शेजारच्या आळीतल्या टिफनीने विनीला बाजूला घेतलं.

"काय गं, पोहता येतं का म्हणून विचारलं तुला?"

"तुला कसं माहीत?"

"मलाही बघून गेलाय तो. मी म्हटलं, कॉलेजात कप मिळालाय मला पोहण्याचा. अर्धा चहा तसाच टाकून उठला बघ. परत फोन नाही की काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ड्रेस छान आहे तुझा."

संध्याकाळी विनीने फेबियनला फोनवर खडा टाकून पाहिला. "मी पोहायला शिकतेय. एव्हरशाईन सिटीत क्लास आहे."

तो हळुवारपणे म्हणाला, "कशाला? मी आहे ना."

हे वाक्य ऐकण्यासाठी विनीने तरुणपणाची चांगली चांगली वर्षं खर्ची घातली होती. ऐकलं आणि तिला आठवला तो टिफनीकडे टाकलेला अर्धा चहा.

शनिवारी तो तिला वाडीत घेऊन गेला. बावखलात उतरायला नव्या पायऱ्या बांधल्या होत्या, गुळगुळीत लादीच्या. कठडा नव्हता.

"तुझ्यासाठी. उतरून तर बघ."

विनीने चपला काढल्या, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो सटकन घसरला. तिने कसाबसा तोल सावरला. फेबियनचा हात खिशातच होता.

"तू उतर आधी."

"मी? मला कुठे पोहता येतं!"

"मग 'मी आहे ना' म्हणालास ते?"

"असणारच की. सुझानच्या वेळीही होतो." त्याने काठावर आंब्याच्या सावलीत ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची दाखवली. "इथेच."

विनीने चपला हातात घेतल्या आणि न घालताच घर गाठलं.

तिसऱ्या रविवारी फादरांनी नावं वाचली, हरकत विचारली आणि लोकांच्या शांततेवर विसंबून पान उलटायला घेतलं. टिफनी स्वतःच्या बुटांकडे बघत होती. विनी उभी राहिली.

"बस गं, लोक बघतायत," आईने बाही ओढली.

"मला हरकत आहे, फादर," विनी म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

पुढच्या बाकावरून फेबियनने वळून पाहिलं. कपाळावर आठीसुद्धा नाही. चहाच्या वेळचं तेच प्रसन्न हसू. फक्त ते विनीवर थांबलं नाही. तिच्या खांद्यावरून मागे गेलं, एलिसा बसली होती तिकडे. आणि एलिसा लाजली.