पानात वाढलेलं तारण

माझा भाऊ सेमिसी मनाचा सोन्यासारखा, पण डोकं उसनं आणलेलं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते. आमच्या टोंगात थोरल्या बहिणीपुढे भाऊ वर मान करून बोलत नाही.

त्याची मुलगी कालोलाइने धक्क्यावर बर्फाचं यंत्र बसवायला निघाली होती. आमचे कोळी टुना मारून आणतात, पण बर्फ नाही, म्हणून दुपारपर्यंत निम्मा माल वासतो. यंत्र जुनंच होतं, तरी पैसे बँकेकडूनच हवे होते. बाईच्या नावावर जमीन नसते, आणि बापाची जमीन गहाण टाकायची तर सतराशे साठ अडचणी. शेवटी बँकेनं नवा नियम काढला, हलती मालमत्ताही तारण चालेल. पोरीनं ठेवणीतल्या चटया, आमच्याकडे त्या दागिन्यांच्या मोलाच्या, लिहून दिल्या आणि आपली पांढरी डुकरीण. डुकरिणीशिवाय रक्कम भरत नव्हती.

तपासणीला बँकेचा माणूस विमानानं येणार होता. कालोलाइने त्याला आणायला गेली. मी भावाच्या घरी पोचले, तर परसात जमिनीतल्या भट्टीवर माती ओढलेली आणि डुकरिणीचा गोठा रिकामा.

"सेमिसी, आत काय आहे?"

तो पायाकडे बघत म्हणाला, "पांढरी, ताई."

"अरे, तिच्यावर पोरीचं कर्ज आहे!"

"एवढ्या मोठ्या पाहुण्याला पिल्लू वाढायचं? गाव शेण घालेल तोंडात. आणि तो तिला बघायलाच येतोय ना? बघेल की."

मी कपाळावर हात मारला. आता करणार काय?

पाहुणा पाउलिआसी आला. गळ्यात टाय, कमरेला रिवाजाची मानाची चटई, एकूण पोरसवदाच. कालोलाइनेनं रिकामा गोठा पाहिला आणि आत जाऊन बसली. तिला रडताना ऐकून माझा जीव तुटला. बाहेर तोवर सगळे कोळी जेवायला जमले होते. पाठीचा मोठा तुकडा रिवाजाप्रमाणे पाहुण्याच्या पानात पडला.

दोन घास खाऊन त्यानं कागद काढले. "डुकरीण दाखवता ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणाले, "ती काय, तुझ्या पानात."

त्याचा घास हातातच राहिला. "आत्या, मी साहेबांना काय सांगू? तारण खाल्लं म्हणून?"

"झालीय कशी ते पण सांग," म्हातारा फाकापो म्हणाला. लोक हसले. पाउलिआसीही हसला, मग गंभीर झाला.

"चव उत्तम आहे. पण कर्ज नाही देता येणार."

मग मात्र मी उठले, कोळ्यांकडे वळले. "जेवलात ना रे पोटभर? आता हात धुऊन पळू नका. जिथं खाल्लं तिथली अडचण आपली, हे मी शिकवायला हवं का? आणि बर्फ कुणाला हवाय, मला? या वयात बर्फ घालून करू काय?"

माना खाली गेल्या. मग फाकापोच बोलला. "माझी काळी लिहा."

"माझी गाभण आहे," दुसरा म्हणाला. "तिला दोन धरा."

"गाभणीला दोन कसं धरायचं?" पाउलिआसी वैतागला, पण लिहू लागला. "हप्ते थकले तर डुकरं जातील, कळतंय ना सगळ्यांना?"

"थकतील कसे?" फाकापो म्हणाला. "तिचं गिऱ्हाईक आम्हीच. माझी काळी वाचवायची तर मला तिच्याकडूनच बर्फ घ्यावा लागणार."

पाउलिआसीची लेखणी थांबली. त्यानं समोरच्या माणसांकडे नीट पाहिलं. "हे मात्र साहेबांना पटेल," तो हळूच म्हणाला. परत निघाला तेव्हा त्याच्या हातात माडाच्या झापाची टोपली दिली, उरलेल्या मांसाची. ती त्यानं घेतली. "पुढच्या तपासणीला मी जेवून येईन," म्हणाला.

कर्ज मंजूर झालं. धक्क्यावर यंत्र घरघरू लागलं त्या दिवशी कोळी टोपल्या घेऊन रांगेत उभे होते. कालोलाइनेनं यंत्रावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलं होतं: पांढरी. मग पहिल्या बर्फाची टोपली तिनं बापाच्या हातात दिली.

सेमिसी ती धरून तिथंच रडत उभा राहिला. मी त्याला काही बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा.