अर्धी बाटली शिल्लक होती

मी सीटी स्कॅनचं यंत्र बोलतोय. एका बाईच्या पोटातली गाठ नजरेतून सुटल्याचा ठपका माझ्यावर आहे, तेव्हा माझीही बाजू ऐका.

मला इस्पितळाच्या तळमजल्यावर बसवलं त्या दिवशी मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. "माणूस आरपार बघतो हा!" तंत्रज्ञांना शिकवायला आलेल्या बाईंनी मात्र बजावलं होतं, लहान आतडं बघायचं तर रुग्णाला आधी तासभर घोटघोट औषधी पाणी पाजा. रिकामं आतडं पिळलेल्या कपड्यासारखं चिकटून बसतं. त्याच्या घडीत काय दडलंय, हे मला कसं दिसणार?

सुरुवातीला पाजायचे. मग गर्दी वाढली.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. अंगातलं रक्त कमी होत चाललेलं, जेवलं की पोटात कळ. वरून-खालून दुर्बिणी घालून झाल्या होत्या. मधलं लहान आतडं तेवढं माझ्या भरवशावर उरलं होतं.

"अरे, अर्धी बाटली शिल्लक आहे."

"राहू द्या मावशी, बाहेर जत्रा भरलीय. झोपा पटकन," तंत्रज्ञ म्हणाला. यंत्र रिकामं दिसता कामा नये, ही साहेबांची तंबी.

"मी बाबा माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही."

तो हसला. मी चित्रं काढली. नुसत्या चिकटलेल्या घड्या. 'आतडं फुगलेलं नाही, पुन्हा तपासा', एवढंच डॉक्टरांनी लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं, 'गाठ नाही.'

काही महिन्यांनी मावशी स्ट्रेचरवरून आल्या. पोट टम्म, उलट्या थांबेनात. या वेळी बाटलीची गरजच नव्हती. गाठीनं वाट अडवून आतडं स्वतःच फुगवलं होतं. ती मला लख्ख दिसली. यकृतावर पसरलेले तिचे ठिपकेही दिसले.

लेक कडाडली, "तेव्हा काही नाही म्हणालात ना?"

"काय करणार ताई, मशीनला दिसलं नाही," साहेब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. पाठ थोपटणारा हात तोच.

मावशींनी मान वळवली. "त्या यंत्राला कशाला बोल लावता? मी प्यायले असते. कुणी थांबलंच नाही."

उद्या तुमच्यावर ही वेळ आली, तर कुणी कितीही घाई करो, बाटली संपवल्याशिवाय उठू नका. हे मी त्या खोलीत सांगू शकत नाही. तिथे माझ्या तोंडी एकच वाक्य भरलेलं आहे: श्वास घ्या, रोखून धरा.

मावशींनी दोन्ही वेळा ते इमानानं पाळलं.