ऑरिनच्या शेजारची जागा

मित्रांनो, माझ्यात हात घालण्याआधी मला एकदा नीट बघून घ्या. करंगळीपाशी काळ्या दोऱ्याची शिवण दिसते का? बाकी मी सगळा चामड्याच्या वाद्यांनी शिवलेला आहे. ती एकच शिवण घरातल्या सुईदोऱ्याची आहे, आणि ती मला माझ्या जन्मासोबत मिळालेली नाही. मी बेसबॉलचा हातमोजा आहे. डाव्या हाताचा, वयाने बराच थकलेला. मला माणसांसारखं बोलता येत नाही, पण माझ्या आत जो हात असतो, त्याच्या मनातलं सगळं मला कळतं. कधीकधी वाटतं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

फार पूर्वी मी एका जनावराची पाठ होतो. अंगावर माशी बसली की थरथरायची सवय अजून गेलेली नाही. मग मी कारखान्यात गेलो, तिथे मला कापलं, ठोकलं, वाद्या ओवल्या, आणि एक दिवस दुकानाच्या काचेतून मला ऑरिन पेल्कीने पाहिलं. मिशिगनमधल्या केटरिज गावचा हा उंच, लाजरा मुलगा. तेव्हा त्याला जेमतेम मिसरूड फुटली होती. त्या भागात नवा हातमोजा कोणी लगेच वापरत नाही. त्याला तेल चोळतात, तळव्यात चेंडू ठेवून दोरीने घट्ट बांधतात आणि गादीखाली घालून त्यावर झोपतात, म्हणजे चामडं चेंडूच्या आकाराचं होतं. ऑरिन कितीतरी रात्री माझ्यावर झोपला. गादीतून त्याची स्वप्नं माझ्यात झिरपायची. सगळ्या स्वप्नांत एकच मैदान असायचं, आणि त्या मैदानात माणसं भरलेली असायची, पण आवाज कुणाचाच नसायचा.

ऑरिन पिचर झाला. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. चेंडू उजव्या हाताने टाकायचा आणि डाव्या हातात मी. टाकण्याआधी तो चेंडू माझ्या तळव्यात लपवून पकड ठरवायचा, म्हणजे फलंदाजाला पत्ता लागू नये. त्याचं गुपित आधी मला कळायचं. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! केटरिजच्या हेरन्स संघातून तो वरच्या लीगमध्ये गेला. तिथे मोठमोठी मैदानं होती, दिवे होते. लोक ऑरिनचं कौतुक करायचे आणि ऑरिन माझं. सामना संपला की तो मला स्वतःच्या हाताने पुसायचा.

मग त्याचा खांदा गेला.

संघाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, पण गोळ्या थांबल्या नाहीत. आधी त्या सामन्याआधी घ्यायच्या असायच्या, मग सामन्यानंतरही, मग ज्या दिवशी सामनाच नाही त्या दिवशीही. डॉक्टरांनी हात आखडता घेतल्यावर त्या कुठून तरी येऊ लागल्या. वरच्या लीगने त्याला घरी पाठवलं, पुन्हा केटरिजला, पुन्हा हेरन्सकडे. त्याच सुमारास माझ्या करंगळीची शिवण उसवली होती. ऑरिनने ती दुरुस्त केली नाही. अस्तर आणि चामडं यांच्यामधल्या फटीत त्याने गोळ्या लपवायला सुरुवात केली. मी बोटं मिटली की आत काहीतरी कुरकुरायचं, जणू कोणी हळूच दात खात आहे.

तेव्हापासून माझ्यात येणारा हात बदलला. पूर्वी त्याला घाम असायचा, ऊब असायची. आता ऐन जुलैमध्ये तो थंड असायचा. एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पडलो होतो, घरात कोणी नव्हतं, आणि माझी बोटं आपोआप मिटली. आत कोणाचा तरी हात होता, मित्रांनो. त्या हाताला हाडं नव्हती. तो काही मागत नव्हता. नुसता वाट बघत होता.

ऑरिनची बायको नोरीन शाळेत शिकवायची. त्यांची मुलगी कोरी तेव्हा लहान होती. नोरीनची नजर ऑरिनवरून हलायची नाही. तो झोपला की ती दारात उभी राहून त्याच्या छातीकडे बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून, जसं तान्ह्या बाळाकडे बघतात. ती विचारायची, तो म्हणायचा खांदा दुखतोय, बाकी काही नाही. ती पुन्हा विचारायची, मग तो हसायचा आणि कोरीला खांद्यावर घ्यायचा. दुखऱ्याच खांद्यावर.

आता ती दुपार सांगतो.

ऑगस्ट होता, लख्ख ऊन होतं. वरच्या लीगची माणसं प्रेक्षकांत बसून ऑरिनला बघणार होती. आज जमलं तर तो परत वर जाणार, नाही तर संपलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि त्या दिवशी त्याचा चेंडू वेड्यासारखा वळत होता. अर्धा सामना झाला, पण समोरच्या संघाला एकही फटका मारता आला नव्हता. सामन्याच्या शेवटपर्यंत एकही फटका लागू न देणं हे पिचरच्या आयुष्यातलं मोठं स्वप्न असतं. बहुतेकांच्या वाट्याला ते कधीच येत नाही.

बेसबॉलवाल्यांचा यात एक कडक रिवाज आहे. असा सामना चालू असताना त्या पिचरशी कोणी बोलत नाही. त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या शेजारी बसत नाही. बोललं की नाट लागते, असं ते मानतात. त्यामुळे आपल्या संघाची फलंदाजी आली, की ऑरिन खेळाडूंच्या लांब बाकाच्या एका टोकाला एकटा बसायचा, टाकायचा हात गार पडू नये म्हणून उन्हातही उजव्या खांद्यावर जाड जाकीट घेऊन. बाकी सगळे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसलेले. मधे मोकळा बाक. तिथे तो मला ठेवायचा.

ती जागा रिकामी नव्हती. तिथे कोणीतरी येऊन बसायचं आणि माझ्यात हात घालायचं. मला वजन जाणवायचं. जसजशी शांतता वाढत गेली, तसतसं ते वजन वाढत गेलं.

ऑरिनने माझ्या करंगळीतून गोळ्या काढल्या आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकल्या. कोणीही पाहिलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. रिवाजच होता ना!

संघाचा कॅचर लायल बिक्सबी हा ऑरिनचा लहानपणापासूनचा मित्र. फलंदाजाच्या मागे बसून, पुढे कोणता चेंडू टाकायचा हे तो बोटांनी खुणावतो आणि ऑरिन मान हलवतो, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या दुपारी लायलने बोटं दाखवायच्या आधीच ऑरिन मान हलवत होता. त्याची नजर लायलच्या डोक्यावरून पलीकडे जात होती. तिथे कोणी उभं नव्हतं. तो कुणाला हो म्हणत होता?

लायल घाबरला. बाकावर परतल्यावर त्याने कोच हॅगर्टीच्या कानाशी सांगितलं की ऑरिनचं काही ठीक नाही, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. हॅगर्टी जुन्या वळणाचा माणूस. त्याने लायलचा दंड धरला.

"गप बस. नाट लावू नकोस."

"अहो कोच, त्याला मी दिसत नाहीये."

"तुझं थोबाड बघून काय करायचंय त्याला? फटका लागला का एक तरी? मग?"

दोघंतिघं दबक्या आवाजात हसले. लायल खाली बसला. त्याने एकदा मोकळ्या बाकाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. मला वाटतं, त्यालाही तिथे कोणीतरी दिसलं असावं.

बाकामागे कमरेएवढं कुंपण होतं आणि कुंपणाला लागूनच प्रेक्षकांच्या पहिल्या रांगा. तिथे नोरीन बसली होती, कोरीला मांडीवर घेऊन. रिवाज तिलाही पाठ होता. केटरिजमधली पोरंसोरंही तो पाळतात. तिने बराच वेळ पाळला. मग तिने कोरीला शेजारच्या बाईंकडे दिलं, उठली आणि कुंपणापाशी आली.

"ऑरिन, तुझे ओठ निळे पडलेत."

सगळा बाक गोठला. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं की त्या बाईला कोणीतरी खाली बसवा. हॅगर्टी लाल होऊन उभा राहिला. ऑरिनने मान वळवली, फार हळू.

"नोरीन, आज नको. आज बोलायचं नसतं."

"आज नाही बोलले तर उद्या कुणाशी बोलू?"

तिने कुंपणाचं फाटक उघडलं. मैदानाकडच्या त्या बाकावर बाहेरचं माणूस कधी येत नाही. ती सरळ आत आली, मला उचललं आणि ऑरिनच्या शेजारी, त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. त्या क्षणी माझ्यातला तो दुसरा हात निघून गेला. कसा, ते मला सांगता येणार नाही. विहिरीवरचं झाकण काढल्यावर आतून जशी गार हवा वर येते, तसं काहीतरी माझ्या बोटांमधून बाहेर पडलं. मी तिच्या मांडीवर होतो. तिची बोटं माझ्या करंगळीवर थांबली. आतली कुरकुर तिला लागली आणि तिला सगळं कळलं.

ऑरिनचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं. त्याचा एक श्वास आला. पुढचा लवकर येईना.

"रुग्णवाहिका बोलवा," ती म्हणाली. "आणि याला झोपू देऊ नका. बोला याच्याशी. सगळे बोला."

कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. एवढा वेळ गप्प राहिल्यावर बोलणं विसरल्यासारखं झालं होतं. मग लायल गुडघ्यांवर खाली आला, त्याने ऑरिनचे गाल धरले आणि बोलू लागला. काय बोलला? माशांबद्दल. गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून ते दोघं गळ टाकून बसायचे, त्याबद्दल.

"अरे लेका, तो मासा मी पकडला होता. तू गावभर सांगत फिरतोस तुझा म्हणून. ऊठ आणि सगळ्यांसमोर कबूल कर. ऊठ म्हणतो ना."

आणि मग बांध फुटावा तसे सगळे बोलू लागले. कोणी त्याच्या खटारा ट्रकला नावं ठेवली, कोणी त्याने केलेल्या कॉफीला. कोणी त्याला शिव्या घातल्या, कोणी घालता घालता रडायला लागला. हॅगर्टीने त्याचे पाय चोळले आणि कसल्या तरी जुन्या सामन्याची हकिगत सांगत राहिला. ऐकणारं कोणी नव्हतं, पण तो थांबला नाही. नोरीन फक्त नाव घेत होती. ऑरिन. ऑरिन. दर वेळी त्याचा एक श्वास यायचा. तिने नाव घेतलं की श्वास, नाव घेतलं की श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने त्या नावाला खंड पडू दिला नाही.

तो जगला, मित्रांनो.

सामना मात्र गेला. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या पिचरच्या पहिल्याच चेंडूला खणखणीत फटका बसला. पुढे कित्येक वर्षं केटरिजमधले काही लोक नोरीनला रस्त्यात बघून म्हणायचे, हीच ती, हिने नाट लावली. ती त्यांना नमस्कार करून पुढे जायची.

घरी आल्यावर तिने माझ्या करंगळीतल्या उरलेल्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन ती फट शिवून टाकली. मग मला खोक्यात घालून तळघरात ठेवलं. ऑरिन उपचारांसाठी दूर गेला, परत आला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. बेसबॉल संपलं ते संपलंच. तळघरात मला कोणी तेल लावलं नाही. माझं चामडं कडक झालं, उंदरांनी एक वादी कुरतडली. कधीकधी तो दुसरा, बाकावर माझ्यात हात घालणारा, यायचा आणि खोक्याशेजारी बसायचा. वरचं घर शांत असलं की यायचा. वर भांडण चालू असलं तर येत नसे. मला त्या घरातली भांडणं आवडू लागली होती.

एका रविवारी दुपारी जिना वाजला. वरून भाजणाऱ्या मांसाचा वास येत होता, कोरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकवत होती. ऑरिन खाली आला, त्याने खोकं उघडलं आणि माझ्यात हात घातला. किती दिवसांनी! तो मला भेटायला आलाय असं मला वाटलं. पण त्याची बोटं करंगळीकडे गेली. चाचपडत राहिली. त्याला दोरा लागला. तो नखाने दोरा उसवू लागला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर नोरीन उभी होती.

"काय शोधतोयस?"

मला वाटलं तो म्हणेल, काही नाही. आजवर तो तेच म्हणत आला होता. खोक्याच्या पलीकडे कोणीतरी कान देऊन ऐकत होतं. ऑरिनने दोऱ्यावरून नख काढलं.

"तेच," तो म्हणाला. "आत नाहीये हे माहीत आहे. तरी शोधतोय."

नोरीन खाली आली, त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "बरं. सांगितलंस."

आता ऑरिनचे केस पांढरे झालेत. तो पुन्हा घसरला नाही असं मी म्हणणार नाही, एकदा घसरला, पण त्याच दिवशी त्याने येऊन सांगितलं. कोरी मोठी झाली आहे आणि मी तिच्या घरात खिडकीशेजारच्या फळीवर असतो. ती मला तेल लावते. तळघरातला तो दुसरा अजून मेलेला नाही, मित्रांनो. तो मरत नसतो. एखाद्या घरात जेवणाच्या टेबलावर कोणी बोलेनासं झालं, की तो खुर्ची ओढून बसतो आणि ते मला इथून ऐकू येतं.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मला तेल मिळालं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरातलं, वर्गातलं, मैदानावरचं कोणी एकटं एका टोकाला बसलेलं दिसलं, आणि बाकीचे सगळे आपल्या बुटांकडे बघत असले, तर तुम्ही उठा. जाऊन शेजारी बसा. काय बोलावं ते सुचणार नाही. नाही सुचलं तर माशांबद्दल बोला.