निरोगी नमुना

आमच्या प्रयोगशाळेच्या गाडीवर एकच ड्रायव्हर होते, त्यांना सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती त्यांनी जन्मात केली नव्हती. स्वतःचा डबा संपवून दुसऱ्याच्या डब्यात डोकावायचे, म्हणून ते नाव.

आम्ही तेव्हा लाळेवरून पोटाचा आजार ओळखणारी पट्टी तयार करत होतो. सुई नाही, घशातून नळी नाही. सकाळी उपाशीपोटी छोट्या बाटलीत थुंकायचं. पोटात व्रण करणारा जंतू असेल तर पट्टीवर दोन रेघा, नसेल तर एक. दर सोमवारी आजारी लोकांच्या नमुन्यांसोबत तुलनेसाठी एक निरोगी नमुना लागायचा. तो पहिलवानांचा. सुरुवातीला आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी त्यांची पूर्ण तपासणी करून घेतली होती, पोट स्वच्छ निघालं होतं. दीड वर्ष ते माझ्या टेबलावर बाटली ठेवत आणि म्हणत, "ताई, घरात माझं कोणी ऐकत नाही, पण इथे मोठमोठे डॉक्टर माझी थुंकी झेलतात."

एका सोमवारी त्यांच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. फिकट, पण होती. आणखी दोन पट्ट्या लावल्या, तेच. मॅडम म्हणाल्या, "गठ्ठाच खराब दिसतोय," आणि दोनशे पट्ट्या बाद केल्या. पुढच्या सोमवारी नवा गठ्ठा फोडला, तर रेघ आणखी ठळक. मग मी स्वतःची लाळ तपासली. एकच रेघ. मॅडमच्या लाळेतही एकच. पट्टीत खोट नव्हती.

मी खाली गेले. पहिलवान गाडीची काच पुसत होते. जेवणाची वेळ टळली तरी सीटवर त्यांचा डबा भरलेलाच होता.

"पोट कसं आहे?"

"दगड खाल्ला तरी पचेल."

"मग डबा तसाच का?"

काच पुसता पुसता ते हळूच म्हणाले, "महिना झाला. चार घास खाल्ले की आग पेटते. सोडा पितो, ढेकर येते, दिवस निघतो."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू, ताई? एवढ्या बिल्डिंगीत निरोगी म्हणून तुम्ही एकच माणूस निवडलात."

मला त्यांचा राग आला, पण तो टिकला नाही. दीड वर्ष मी बाटलीवर तारीख न चुकता लिहिली होती. तब्येत मात्र एकदाही विचारली नव्हती.

मी त्यांना वर मॅडमकडे घेऊन गेले. मॅडम ओरडल्या नाहीत. "पट्टी फक्त शंका दाखवते," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी दुर्बिणीने बघावं लागेल."

"म्हणजे नळीच ना? ती टाळायला तर हा सगळा खटाटोप चाललाय."

"टाळता येईल तिथे टाळायची. तुमची टळणार नाही."

पहिलवानांनी आणखी एकदा नमुना देऊन बघायची गळ घातली. दुसऱ्या सकाळी बायकोला घेऊन आले, बाटली तोंडाशी धरून दहा मिनिटं बसले, थेंब येईना. तोंडचं पाणी पळालं होतं.

"एरवी हे बोलले की समोरचा भिजतो," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "उठा, तपासणीला चला. मी बाहेर बसते."

जठराच्या खालच्या टोकाला लहानसा व्रण निघाला. गाठबीठ काही नव्हती. चौदा दिवस जंतूवरच्या गोळ्या, नंतर काही आठवडे पोट शांत ठेवणारी एक गोळी. वहिनींनी गोळ्यांचा ताबा स्वतःकडे घेतला आणि सोड्याचा डबा शेजारणीला देऊन टाकला. अडीच महिन्यांनी पुन्हा तपासलं. जंतू गेला होता, आगही.

दरम्यान मॅडमनी सहा निरोगी माणसं निवडली. बाटली घेण्याआधी प्रत्येकाला भूक, झोप, दुखणं विचारायचं असंही ठरलं. ते काम माझ्याकडे आलं.

बरे झाल्यावर पहिलवान मॅडमकडे गेले. "आता मी परत चालेन ना?"

"निरोगींच्या यादीत नाही. आजारातून बरे झालेल्यांची एक यादी आहे, तिथे हवे आहात."

"तिथे किती जण आहेत?"

"एकोणीस."

एकोणिसांत विसावं होणं त्यांना काही रुचलं नाही. आठवडाभर ते प्रयोगशाळेकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी मी टेबल लावत असताना बाटली घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते. झोप बरी आहे."