बळीरामची मुलाखत

कॅसेटवरच्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, आणि गजेंद्रला तो मुद्दाम सोडल्यासारखा वाटला — आधी कुणी पाहिलीय का, काही पुसून पुन्हा भरलंय का... पांडेसऱ्यातल्या केबल चॅनलचा मॅनेजर झाल्यापासून त्याला ही संशयाची सवयच जडली होती. पण समोर बळीराम बसला होता. धुळ्याला दोघांच्या कॉलेजात पहिल्यांदा फुटबॉलचा संघ झाला त्याचा कप्तान, आता इथल्याच एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये फोरमन.

"संघाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कॉलेजवाले माझी मुलाखत घेऊन गेले," बळीराम म्हणाला. "आपली धुळ्याकडची इतकी माणसं आहेत इथं. लावशील का चॅनलवर?"

"कुणाच्या हाती धाडली असतीस तरी चाललं असतं."

"मग तुझी भेट कशी झाली असती?"

एकाच शहरात इतकी वर्षं राहून हा कधी फिरकला नव्हता, मग आजच का... गजेंद्रने ऑपरेटर शालिग्रामला चहा सांगायला बाहेर धाडलं आणि कॅसेट स्वतः लावली. पडद्यावरचा बळीराम हसत सांगत होता — विद्यापीठाच्या निवडीच्या आदल्या दिवशी सरावात माझा घोटा मोडला. चिखल होता, गजू घसरला, माझ्या पायावर आला. त्याचा काय दोष.

आणि बळीरामच्या जागी गजेंद्र निवडला गेला होता, त्या खेळाच्या प्रमाणपत्रावर रेडिओत नोकरीला चिकटला होता, तिथून या खुर्चीपर्यंत... नुसतं एवढंच? टोमणा नाही, मागणी नाही?

"चिखलाचं कशाला सांगितलंस?"

"तूच तेव्हा सगळ्यांना तसं सांगितलंस ना," बळीराम शांतपणे म्हणाला. "मी तेच सांगितलं."

चहा पिऊन तो गेला. जिना उतरताना त्याचा एक पाय किंचित उशिराने पडत होता. गजेंद्र शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिला.

"साहेब, संध्याकाळच्या बातम्यांनंतर लावू?" शालिग्रामने विचारलं.

"थांब जरा."

मी घसरलो होतो. घसरलोच होतो... पण तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, पाऊस कधीच संपला होता; आणि त्या संध्याकाळी होस्टेलच्या भिंतीवर बूट आपटले तेव्हा धूळ उडाली होती, नाकात गेली होती — की ती दुसरीच कुठली संध्याकाळ? दुसरीच असेल, असं मनात कुणीतरी लगेच, फारच लगेच म्हणालं; आणि आयुष्यात पहिल्यांदाच गजेंद्रला त्या आवाजाचा भरवसा वाटेना.