घरचा साथीदार

डॉक्टर सुनीती यांनी सरोजिनीबाईंचा रिपोर्ट त्यांच्या नवऱ्यासमोर वाचून दाखवला. त्यात काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

घणसोलीच्या नव्या वसाहतीत आरोग्य केंद्र सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. खाली दवाखाना, वर एक मोकळा हॉल. सुनीती मॅडम तिशीच्या, हौसेनं काम करणाऱ्या. मधुमेह झाल्यावर जन्मभर गोळ्या देत बसण्यापेक्षा तो होण्याआधीच माणसाला गाठावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी चाळिशीपुढच्या लोकांना उपाशीपोटी बोलावलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. ज्यांची साखर वाढली होती, पण मधुमेह म्हणण्याइतकी नव्हती, अशांना बाजूला काढलं.

"तुम्ही काठावर आहात," त्या प्रत्येकाला सांगायच्या. "अजून पडला नाहीत. रोज चाला, तेल-तूप-साखर कमी करा, वजन उतरवा. इथून मागे फिरता येतं."

सरोजिनीबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं. शेजारी दिनानाथ मोघे ताठ बसले होते. त्यांची साखर स्वच्छ होती. अंगानं ते काडीसारखे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते शिफ्ट सुपरवायझर होते. कंपनीनं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे त्यांची इच्छा कुणी विचारली नाही. हाताखालची माणसं एका दिवसात गेली. मुलगी प्राची लग्न होऊन पनवेलला गेलेली. तेव्हापासून ते गॅलरीत बसून खालच्या वॉचमनच्या चुका काढत.

"हे एकट्यानं जमत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येकाला घरचा एक साथीदार लागतो. काका, तुम्ही काकूंचे साथीदार व्हाल ना?"

"जबाबदारी माझी," दिनानाथ म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांच्या आवाजात असा जोर आला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी साखर, गूळ, तूप आणि लोणच्याची बरणी कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली. बायकोचं ताट ते स्वतः वाढू लागले. वजनाचा काटा आणला आणि तो आतल्या खोलीत न ठेवता हॉलमध्ये, टीव्हीशेजारी ठेवला. रविवारी सकाळी दार उघडं टाकून ते सरोजिनीबाईंना त्यावर उभं करत. जिन्यातून दूधवाला जायचा, वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं जायची.

"या, या, बघा," ते हाक मारत. "आमचं पिंप किती उतरलं बघा."

पिंप हा त्यांच्या कंपनीतला शब्द. आधी तो फक्त घरात होता. आता जिन्यातली पोरंही दबक्या आवाजात म्हणू लागली.

सकाळी खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सगळा गट चालायचा. सरोजिनीबाई पुढे, दिनानाथ दोन पावलं मागे. "हात हलव. घरंगळू नकोस. श्वास काय लागतोय, आत्ता तर निघालो!" गटात तळवली गावची पुतळा होती. शेतं गेली, त्या जागी नवऱ्यानं भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि चिखलात राबणारी पुतळा चार वर्षांत बसून बसून गोल झाली. पथ्य ती अर्धंमुर्धं पाळायची आणि तसं सरळ सांगायची. एकदा दिनानाथ कुणाशी तरी बोलत मागे राहिले, तशी ती सरोजिनीबाईंच्या कानाशी आली.

"बाय, तुजा नवरा तुला गुरासारा हाकतं. मना नाय बगवत."

"माझ्या भल्यासाठीच करतायत ते," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"मंग त्याचे तोंडाव हसू कशाचा हाय?"

सरोजिनीबाईंनी ते हसू कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या पुढे असायच्या.

वजन मात्र उतरत होतं. महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी दिनानाथांनाच बोलायला उभं केलं. साथीदार कसा असावा, ते सगळ्यांना कळावं म्हणून.

"शिस्त," दिनानाथ म्हणाले. "दुसरं काही नाही. गणपतीत शेजारणीनं हिच्या हातात नारळाची वडी ठेवली. ही जिन्यातच तोंडात टाकून वर आली. मी विचारलं, काय खाल्लंस? म्हणते, काही नाही. मी म्हटलं, उघड तोंड! लहान पोराचं बघतात तसं बोट घालून बघितलं. दाढेत सापडली!"

हॉल हसला. डॉक्टरांनाही हसू आलं, ते त्यांनी ओठांत दाबलं. सरोजिनीबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला, त्याही हसतायत असं मागच्यांना वाटलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. सरोजिनीबाईंची साखर अगदी ठाकठीक. अख्ख्या गटात इतका चांगला फरक कुणाचाच नव्हता. डॉक्टरांनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि दोघांना गुलाबाचं फूल दिलं. दिनानाथांनी दोन्ही फुलं स्वतःच्या हातात घेतली.

आता तरी कुलूप निघेल, असं सरोजिनीबाईंना वाटलं होतं. निघालं नाही. उलट रात्रीची भाकरी अर्धी झाली. "आता ढिलं सोडलं की चाललं सगळं पाण्यात," दिनानाथ म्हणाले.

पुढच्या महिन्यात प्राचीचं डोहाळजेवण होतं. सरोजिनीबाई दोन दिवस ओट्याशी उभ्या होत्या. बासुंदी, पुऱ्या, अळूवड्या, मसालेभात. त्या रांधत असताना दिनानाथ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. प्राचीच्या सासरची माणसं आली, पंगत बसली, सगळ्यांचं हसतखेळत जेवण झालं. सरोजिनीबाईंच्या पानात उकडलेला दुधी आणि एक फुलका होता. विहीणबाईंनी आग्रह केला तेव्हा दिनानाथच म्हणाले, "तिला चालत नाही."

जेवणं झाल्यावर प्राची पाणी प्यायला आत गेली. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. बासुंदीच्या रिकाम्या पातेल्याच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं होतं आणि ते बोट ती नुसतं नाकाशी धरून उभी होती. प्राचीला आधी कळलंच नाही ती काय करतेय. कळेपर्यंत मागून दिनानाथ आले. त्यांनी सरोजिनीबाईंचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर हॉलमध्ये आणलं.

"चढ."

"अहो, माणसं आहेत."

"असू देत. आपल्यातलीच आहेत. चढ काट्यावर."

अंगावर जरीचं लुगडं, हातात हिरवा चुडा, केसांत गजरा. सरोजिनीबाई काट्यावर चढल्या. डोहाळजेवणाला आलेल्या मुलीच्या सासरची सगळी बायकामाणसं बघत होती.

"राहू द्या हो, कशाला आजच्या दिवशी," विहीणबाई म्हणाल्या, आणि आकडा वाचायला वाकल्या.

प्राची दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेली. जे पाहिलं ते तिनं डॉक्टरांना रडत रडत सांगितलं. डॉक्टर अस्वस्थ झाल्या. त्यांनी दिनानाथांना बोलावून घेतलं. दिनानाथांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, कार्यक्रम कुणाचा? तुमचा. साखर उतरली की नाही? उतरली. मग माझी पद्धत चुकली कुठे, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी सरोजिनीबाईंचा रिपोर्ट पुन्हा चाळला. पंधरवड्यानं वरचे अधिकारी केंद्र बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर शहरातल्या सगळ्या केंद्रांत हा कार्यक्रम जाणार होता. हे एकदा पार पडू दे, मग काकांना नीट समजावू, असं त्यांनी ठरवलं. आणि त्या सरोजिनीबाईंकडे गेल्या.

"काकू, त्या दिवशी तुम्ही दोन शब्द बोला. काय फरक पडला ते. तुमच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही."

"प्राची आली होती ना तुमच्याकडे?"

"हो. आपण बोलू त्यावर. नंतर."

सरोजिनीबाईंनी मान हलवली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. साहेब लोक पुढे, गटातली माणसं मागे, दिनानाथ इस्त्रीच्या शर्टात स्टेजच्या बाजूला. सरोजिनीबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"माझी साखर उतरली," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे. मला चालायला आवडतं, तेही खरं. पण घरात भूक लागली की मला आता चोरासारखं वाटतं. हे माझ्या तोंडात बोट घालून बघतात, ते ऐकून तुम्ही सगळे याच हॉलमध्ये हसला होतात. माझ्या मुलीच्या डोहाळजेवणाला मला विहीणबाईंसमोर वजनाच्या काट्यावर उभं केलं. मॅडमना सगळं माहीत आहे. त्या म्हणाल्या, दोन शब्द बोला. म्हणून बोलले."

मागून पुतळा एकटीच मोठ्यानं म्हणाली, "बरा बोललीस बाय!" डॉक्टरांनी पुढे होऊन माईक हातात घेतला. "काकू जरा भावुक झाल्या," त्या हसून म्हणाल्या, "इतका मोठा बदल म्हणजे होतंच असं." मग मोड आलेल्या मुगाची उसळ आणि बिनसाखरेचा चहा फिरला. साहेबांनी उसळीची तारीफ केली. कार्यक्रम मंजूर झाला.

परतताना नाक्यावरच्या फरसाणवाल्याकडे थांबून दिनानाथांनी गरम जिलबी बांधून घेतली. घरी आल्यावर कपाटाचं कुलूप काढलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि जिलबीचा पुडा बायकोसमोर सोडला.

"खा."

सरोजिनीबाई ओट्याकडे वळल्या.

"खा की. छळतो ना मी? आता नाही छळणार. खा, वाटेल तेवढं खा. डोळे जातील, पाय कापतील, तेव्हा मला हाक मारू नकोस म्हणजे झालं."

इतके महिने त्या स्वतःला समजावत होत्या की हा माणूस तऱ्हेवाईक आहे, पण आपली काळजी करतो. आता ती समजूतही गेली. त्यांनी पुडा तसाच ठेवला आणि स्वतःची भाकरी थापायला घेतली.

रोज संध्याकाळी पुडा येऊ लागला. सकाळी त्याला मुंग्या लागलेल्या असायच्या. सरोजिनीबाई तो खाली टाकून यायच्या आणि चालायला जायच्या, आता एकट्या. त्यांनी चालणं सोडलं नाही, याचाच दिनानाथांना अधिक राग आला असावा.

तेवढ्यात प्राचीचा फोन आला. "आई, मला त्यात कशाला ओढलंस गं? डोहाळजेवणाचं सगळं सांगितलंस. इकडे कुणीतरी येऊन बोललंय. सासूबाई मला टोमणे मारतात, तुझ्या माहेरी असलं चालतं म्हणून."

"तूच गेली होतीस ना डॉक्टरांकडे?"

"मी गुपचूप सांगितलं होतं. तू माईकवर सांगितलंस. मला इथे राहायचंय, आई."

सरोजिनीबाईंनी फोन ठेवला. दिनानाथ समोरच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले, पुड्यातली एक जिलबी घेतली आणि बायकोच्या तोंडाला लावली.

"पोटची पोरगीसुद्धा नाही राहिली तुझ्या बाजूनं. घे. तोंड गोड कर."

सरोजिनीबाईंनी दात आवळून धरले. दिनानाथ दाबत राहिले. जिलबी ओठांवर मोडली, पाक हनुवटीवरून गळ्यात उतरला, ब्लाउजमध्ये गेला. त्या ओरडल्या नाहीत, हात वर केला नाही. शेवटी दिनानाथांचाच हात थकला. चिकट बोटं घेऊन ते बेसिनकडे वळले. सरोजिनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं, दोन साड्या पिशवीत भरल्या आणि चपला घातल्या.

तळवलीला पुतळानं त्यांना दारातच बघितलं. काय झालं, हे विचारलंही नाही.

"मागची खोली रिकामी हाय. पानी बायेरशी भरावा लागतं. चालंल ना?"

"चालेल."

सोसायटीत दिनानाथांनी सांगितलं, की बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, पथ्यामुळे कधीकधी होतं तसं. बऱ्याच जणांना ते पटलं. सरोजिनीबाई कारखान्यातल्या कामगारांना डबे देऊ लागल्या. गावातल्या बायका सुरुवातीला खिडकीतून बघायच्या, मग बघायच्या थांबल्या.

वर्षअखेरीस डॉक्टर सुनीती खोली शोधत आल्या. "माझंही चुकलं, काकू," असं काहीतरी पुटपुटल्या, आणि मग पिशवीतून सुई काढली. गटातल्या सगळ्यांची वर्षाची तपासणी पूर्ण व्हायची होती, सरोजिनीबाई तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. साखर नीट निघाली. तसं सांगायला डॉक्टरांनी केंद्रातल्या शिपायाला पाठवलं, स्वतः आल्या नाहीत.

प्राचीला मुलगा झाला तो या तपासणीच्या आधीच; सरोजिनीबाईंना ते जुन्या शेजारणीकडून कळलं. बारशाच्या आदल्या दिवशी प्राचीचा निरोप आला. बाबा येणार आहेत, लोकांसमोर तमाशा नको, तू नंतर सवडीनं ये.

बारशाच्या दिवशी डबे देऊन झाल्यावर त्या पुतळाबरोबर खाडीकडे निघाल्या. पुतळानं दोनदा विचारलं, "जाशील ना गो नातवाला बगाया?" सरोजिनीबाई म्हणाल्या, "बघू." बंधाऱ्यापाशी पुतळाला धाप लागली आणि ती दगडावर टेकली. सरोजिनीबाई थांबल्या नाहीत.

पनवेलला त्या नंतरही गेल्या नाहीत.